खाकरून येणारा माणूस

त्या दिवशी सकाळी सारस ओरडत होते आणि मी त्याचा चुकीचा अर्थ लावला. आमचं घर गावातलं शेवटचं. परसदार उघडलं की बांध्या सुरू होतात, म्हणजे आमच्याकडची बांध घातलेली धानाची शेतं, आणि त्यांच्या पलीकडे जुन्या तलावाची पाळ. तिरोड्याहून चोरखमाऱ्याकडे जाताना आडवाटेला लागणारं हे गाव. भाद्रपद उतरणीला लागला होता. सारसांची जोडी उजाडताना एकदा ओरडते. नर मान आभाळाकडे करून एक लांब हाक देतो, मादी तिला जोडून दोन आखूड हाका देते, आणि हे इतकं नेमाने होतं की मी कुकर त्या हाकेवर चढवते. त्या दिवशी कुकर होऊन गेला होता, ऊन अंगणात आलं होतं आणि तरीही ते ओरडत होते. तुटक, सारखे, एकमेकांना न जुळणारे. मला वाटलं, घरट्यावर कुत्रं आलं.

"कुत्रं शिरलं वाटते बांधीत. पाहून या ना," मी आमच्या यांना म्हटलं. हे ओसरीवर चहा पीत होते. बशी खाली न ठेवताच म्हणाले, "ज्याची पाखरं आहेत तो पाहून घेईन." ज्याची म्हणजे यांच्या थोरल्या भावाची. दोघा सख्ख्या भावांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, म्हणून त्यांचा उल्लेख घरात असा वळसा घालून व्हायचा. तेवढ्यात आमच्याकडे धानाच्या रोवणीला येणारी सगुणा धुऱ्यावरून पळत येताना दिसली. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध. पावसाळ्यात त्यावरून शहाणं माणूस पळत नाही, पाय हमखास घसरतो. सगुणा पळत होती. "मास्तरीणबाई, दौलतभाऊ पडून आहेत तिकडं. हालून नाई राहिले..." यांच्या हातातली बशी ओसरीवर फुटली आणि हे अनवाणी धावत सुटले.

दौलतराव माझे भासरे. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. ते धुऱ्यावर नेहमीच्या जागी बसले होते आणि बसल्या बसल्या डाव्या कुशीला धानात कलंडले होते. काठी हातातच होती. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय थांबलं, काही कळलंही नसेल. कळलं नसेल तर बरंच झालं. पण त्या वेळी मला दिसत होतं ते वेगळंच. बातमी गावभर झाली होती आणि माणसं तिन्ही बाजूंनी बांधीत उतरत होती. भासरे पडले होते त्याच्या थोडं पलीकडे, धानाच्या मधोमध, गवताचा तो ओला ढीग होता आणि त्यावर दोन अंडी उघडी पडली होती. दोन्ही पक्षी घरट्यावरून उठून दूर उभे राहून ओरडत होते. पुरुषभर उंचीची ती पाखरं, लालबुंद माना ताणून... आणि पळसावर दोन कावळे येऊन बसले होते.

मी ओरडले. पदर कुठे, डोकं कुठे, मला भान नव्हतं. "मागं व्हा सारे! त्या अंगानं नका येऊ. धुऱ्यानं उचला, धुऱ्यानं!" लोकांनी माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. कोणीतरी म्हणालंसुद्धा, "भासरा मरून पडला अन् मास्तरीण अंडे पाहून राहिली." मी अंडी पाहत होते हे खरं आहे. रडू नंतर येणार होतं, ते कुठे जाणार होतं? पण कावळा थांबणार नव्हता. आणि तो थांबला नाहीच. माणसांनी भासऱ्यांना उचलेपर्यंत एक कावळा उतरला, त्यानं चोच मारली, आणि आमच्या देखत एक अंडं गेलं. दुसरं राहिलं, ते केवळ सगुणानं ढेकूळ भिरकावलं म्हणून.

नंतर कोणीतरी मोबाईलवर काढलेला त्या ओरडण्याचा व्हिडिओ गोंदियापर्यंत फिरला. खाली लिहिलं होतं, मालकाच्या मृत्यूवर सारस रडले. मला त्याचा फार राग येतो. सारस रडले नाहीत. आधी घरट्याजवळ धानात काहीतरी कोसळलं आणि मग त्यांच्या घरात माणसं घुसली, म्हणून ते ओरडत होते. भासरे असते तर त्यांनीच आधी हे सांगितलं असतं. अर्थात मला नाही, आमची गाय असती तर तिला.

हे गाईचं सांगायलाच हवं. मी सौंदडची. डी.एड. करून, नोकरी लागून मग लग्न झालेली, त्यामुळे सासरी आले तेव्हा डोक्यात थोडी हवा होती. इथे आल्यावर सासूबाईंनी पहिल्याच दिवशी समज दिली, भासऱ्यांसमोर पदर घ्यायचा, त्यांच्याशी बोलायचं नाही, ते बसलेल्या खाटेवर बसायचं नाही. त्यांनीही धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही. आता ही रीत बरीच ढिली झाली आहे. आमच्या घरात ती दौलतरावांमुळे टिकली, कारण ते रीत मोडणाऱ्यांपैकी नव्हते आणि मी हट्टाला पेटणाऱ्यांपैकी आहे. ते अंगणात शिरण्याआधी फाटकाशी थांबून दोनदा खाकरायचे. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा एकदा. तेवढ्या वेळात मी पदर सारखा करायचा किंवा आत जायचं. आत गेले की मी बांगड्या वाजवायच्या, म्हणजे वाट मोकळी. निरोप असेल तर जाऊबाई मध्ये. जाऊबाई नसतील तर मध्ये कपिला गाय. "कपिले, मास्तरीणबाईले सांग, शाळेच्या रस्त्यावर पुलावरून पानी जाऊन राहिलं." मी आतून म्हणायची, "कपिले, सांग त्यांना, मी आज सायकल नेत नाही." गाय आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहायची. मी पहिल्या वर्षी या प्रकारावर फार हसले. दुसऱ्या वर्षी चिडले. नंतर कधीतरी कळलं की या माणसाच्या खाकरण्यात मला जितका मान मिळतो तितका माझ्याशी तासन्‌तास बोलणाऱ्यांकडून मिळत नाही.

सारसांनी त्यांच्या बांधीत घरटं बांधलं तेव्हा माझी मुलगी रांगत होती. त्याआधी ही जोडी तलावात असायची. उथळ पाण्यात देवधान, म्हणजे जंगली धान, उगवतं, चिखलात कमळाचे कंद असतात, बेडूक, गोगलगाई, टोळ, काही म्हणून खायला कमी नाही. त्या वर्षी ती बांधीत उतरली आणि रोवलेला धान उपटून, मधोमध गवत-पेंढ्याचा ढीग रचून त्यावर बसली. गावात कोणाच्याही शेतात असं झालं असतं तर त्यानं हाकललं असतं. एवढा धान तुडवलेला कोणाला आवडेल? भासरे दिवसभर धुऱ्यावर बसून पाहत राहिले. दोन अंडी आली. मग त्यांनी ते केलं जे आमच्या भागातला कुठलाही माणूस जिवापाड जपायच्या वस्तूला करतो. आम्ही पऱ्ह्यांना, म्हणजे धानाच्या रोपांना, काटेरी फांद्यांच्या काट्या लावतो, भाजीच्या वाडीला काट्या लावतो. त्यांनी बोरीच्या काट्या तोडून आणल्या आणि कुत्री येऊ नयेत म्हणून घरट्याभोवती गोल कुंपण घातलं.

पक्षी परत बसलेच नाहीत. कुंपणाच्या बाहेर, पाण्यात, नुसते उभे. भासऱ्यांना वाटलं, सवय होईल. दिवस गेला. संध्याकाळी त्यांनी त्या काट्या उघड्या हातांनी उपसल्या. जाऊबाई दोन दिवस त्यांच्या बोटांतले काटे सुईनं काढत होत्या. अंडी थंड झाली होती, फुकट गेली. त्या संध्याकाळी ते गोठ्यात बराच वेळ होते. मी आत कणीक मळत होते आणि ऐकलं, "कपिले, मी न खाकरता शिरलो वं त्यांच्या घरात..."

पुढच्या पावसाळ्यात जोडी पुन्हा आली तेव्हा भासरे बांधीच्या टोकाशी थांबले आणि दोनदा खाकरले. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा एकदा. यांना हसू आवरेना. सारं गाव हसलं. पण ते रोज तसंच करत राहिले. अंड्यांवर बसलेला सारस माणूस आला की ओरडत उडत नाही. मान खाली घालतो, धानातून वाकत वाकत हळूच लांब निघून जातो आणि तिकडे कुठेतरी उभा राहतो, जसं काही घरटं तिथे आहे. परका ओळखायची ही खूण. आधी भासरे आले की पक्षी असाच उठून जायचा. मग उठेनासा झाला. काही वर्षांनी अशी वेळ आली की हे किंवा मी किंवा कोणीही धुऱ्यावर दिसलं की पक्षी वाकून चालू लागायचा, आणि भासरे खाकरले की बसल्या जागेवरून फक्त मान वळवायचा. महिनाभर दोघं आळीपाळीनं बसतात. उठताना चोचीनं अंडं उलटतात, मग दुसरा बसतो. भासरे ती पाळी बदलताना पाहायला जेवण सोडून जायचे आणि जाऊबाई त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या.

माझं त्यांच्याशी पहिलं बोलणं याच बांधीत झालं. झड लागली होती, तलाव भरून सांडत होता. पाणी चढलं की सारस घरटं उंच करतात. चोचीनं गवत, पेंढा ओढून अंड्यांच्या खाली, बाजूला सारत राहतात. त्या दिवशी पाणी त्यांच्यापेक्षा लवकर चढत होतं. भासऱ्यांनी पेंढ्याचा भारा खांद्यावर घेतला आणि गुडघाभर पाण्यातून निघाले. घरट्याजवळ टाकून यायचा, म्हणजे पक्ष्यांना दूरवरून ओढायला नको, एवढाच विचार. जाऊबाई तापानं पडल्या होत्या, हे तिरोड्याला गेले होते, म्हणून धुऱ्यावर छत्री घेऊन मी. पावसाच्या आवाजात त्यांचं खाकरणं पक्ष्यांना ऐकू गेलं नसावं. मादी अंड्यांवर होती. नर मागून, धानातून, पंख अर्धे उघडून येत होता आणि भाऱ्यामुळे त्यांना तो दिसत नव्हता. सारस चोच मारतो, पण त्याहून वाईट म्हणजे उडी घेऊन पायांनी फाडतो. मी पाहत होते. गाय जवळ नव्हती. कोणाला सांगायचं होतं मी?

"भासरे! मागं पाहा!"

ते वळले, खाली बसले, आणि नराचे पाय पेंढ्याच्या भाऱ्यात गेले. भारा तिथेच सोडून ते पाण्यातून जवळजवळ पोहत धुऱ्याला आले. खांद्याला ओरखडा होता, बाकी काही नाही. माझ्यासमोरून जाताना त्यांनी मान वर केली नाही. मीही पदर घेऊन उभी. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातून आवाज आला, "कपिले, मास्तरीणबाईचा आवाज मोठा आहे. शाळेत पोरं काऊन शिकत नाईत, काई समजत नाई." आतापर्यंत त्यांनी केलेली माझी सर्वांत मोठी स्तुती ती. घरटं वाचलं. त्या पेंढ्यावरच पक्ष्यांनी ते हातभर उंच केलं होतं.

त्यानंतर काही वर्षांनी जाऊबाई गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. लोक भेटायला येत आणि सांगत, सारस बघा, जोडीदार गेला की अन्नपाणी सोडून मरतो. भासऱ्यांनी एकदा ओसरीवर सगळ्यांना ऐकवलं, "मरत नाई. मी पायलं आहे. पलीकडच्या तलावातली मादी मेली तं नर तिथंच कित्येक महिने उभा राह्यला. खात होता, झोपत होता. मंग एका वर्षी दुसरी घेऊन आला." मग म्हणाले, "मी नाई आणत. पन खाईन." तेव्हापासून त्यांचं ताट माझ्या स्वयंपाकघरातून जाऊ लागलं. ते ओसरीच्या पायरीशी येऊन खाकरायचे, मी ताट ठेवून आत जाऊन बांगड्या वाजवायची. ते घेऊन आपल्या खोलीत जायचे. असं वर्षानुवर्षं.

भावांचं बिनसलं ते तारेवरून. तलावावर दोघांच्या सामाईक मालकीचा पंप होता आणि त्याची तार बांबूच्या खांबांवरून बांधीवर आडवी ओढलेली. सारसाचं पिल्लू तांबूस जन्मतं, लगेच आईबापांमागे चालू लागतं, पण उडायला त्याला तीन-साडेतीन महिने लागतात. आधी धुऱ्यावरून पळत पळत पंख मारतं, मग कधी तरी जमीन सुटते. त्या वर्षीचं पिल्लू दिवाळी होऊन गेल्यावर, एका धुक्याच्या सकाळी, पहिल्यांदा नीट उडालं आणि सरळ तारेवर गेलं. भासरे तेव्हा धुऱ्यावरच होते. त्यांनी ते उचलून पाळीवर आणून पुरलं. आईबाप कितीतरी दिवस तिथेच घुटमळत होते. दुसऱ्या दिवशी भासऱ्यांनी वीज बंद करवून घेतली आणि तार उतरवली. यांना न विचारता. खांब उपटून अंगणात आणून टाकले.

हे काय बोलले ते मी लिहीत नाही. यांचंही चुकत नव्हतं. पंपाशिवाय उन्हाळी धान गेला आणि आम्ही फक्त पावसावर आणि नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाण्यावर आलो. भासऱ्यांचं म्हणणं एवढंच, "तार राह्यली तं मी तिथं बसू नाई शकत." त्या दिवसापासून दोघे भाऊ बोलले नाहीत. म्हणजे आमच्या घरात हे त्यांच्याशी बोलत नव्हते, मी रीतीमुळे बोलू शकत नव्हते, आणि कपिलाही म्हातारी होऊन मेली होती. ताट मात्र चुकलं नाही. यांनी कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. उलट उशीर झाला तर म्हणायचे, "खाकरले ना ते. ऐकू नाई आलं का तुले?"

तर असा माणूस गेला आणि मागे एक अंडं राहिलं.

सुतकात घरचं कोणी शेतात जाऊ शकत नव्हतं. मी परसदारी उभी राहून पाहायची. पहिल्या दिवशी पक्षी संध्याकाळपर्यंत बसले नाहीत, मला वाटलं संपलं. सूर्य मावळताना मादी आली आणि बसली. पण आता ती कोणालाही पाहून उठत होती. बाजूच्या बांधीत फवारणीचा माणूस आला, उठली. सगुणा गवताला गेली, उठली. भेटायला आलेले लोक शेताकडे फिरकायचे, कुठे पडले होते ते बघायला. दर वेळी ती वाकून धानातून चालू लागायची आणि दर वेळी माझी नजर पळसावर. पंगतीला वाढताना मी दारातून बाहेर पाहते म्हणून नणंद मला बोलली. मला ते अंडं फुटलेलं पाहायचं होतं, यापलीकडे माझ्या मनात तेव्हा काही नव्हतं. आयुष्यभर ज्याच्याशी मी दोन शब्द बोलले त्याच्यासाठी मला आणखी काय करता येणार होतं?

तेरवी झाली. दुसऱ्या सकाळी हे फावडं घेऊन निघाले. मी समजले. आमची बांधी भासऱ्यांच्या खालच्या अंगाला आहे. त्यांनी मुद्दाम भारी धान लावलेला, उशिरा पिकणारा, म्हणजे पाणी आणि पक्षी दोन्ही राहावीत. आमचा हलका धान, पिवळा पडून कापणीला आलेला. वरच्या बांधीतलं पाणी पाझरून आमच्या बांधीत येत होतं. ओल्यात कापला तर जमिनीवर पसरलेला कडपा कुजतो, उभा ठेवला तर लोळतो. भासरे होते तोवर हे दरवर्षी चडफडत सोसायचे.

"कुठं जाऊन राहिले?"

"धुरा फोडतो. तलावाच्या अंगानं पानी काढतो वरचं."

"थांबा ना अजून थोडं. अंडं फुटायला आलं आहे. पानी गेलं तं कुत्रे शिरतीन."

"कायले थांबू?" हे एकदम ओरडले. "भाऊ माहा गेला अन् तुले अंड्याचं पडलं आहे. पाखराले रोज खाकरून जाय तो. माह्याशी एक शब्द नाई बोलला. इतक्या वर्षांत एक शब्द नाई!"

हे धुऱ्यावरून चालू लागले आणि मी मागोमाग. अनवाणी पाय घसरत होते. मादी घरट्यावर होती. आम्हाला पाहून तिनं मान खाली घातली. यांनी धुऱ्यावर फावडं घातलं. एक ढेकूळ निघालं, दुसरं निघालं, पाण्याची बारीक धार सुटली आणि आवाज करत खाली जाऊ लागली. मादी उठली. वाकली आणि धानातून चालू लागली. अंडं उघडं पडलं. पळसावरचा कावळा खालच्या फांदीवर आला. मी ढेकूळ उचललं, पण इतक्या लांब माझा हात पोचणार नव्हता हे मलाही दिसत होतं.

हे थांबले. फावडं हातात तसंच. हे उभे होते ती नेमकी भासऱ्यांची बसायची जागा होती, गवत अजून दबलेलं होतं. यांनी त्या गवताकडे पाहिलं. मग कावळ्याकडे. मग घरट्याकडे. आणि यांच्या घशातून ते निघालं. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा एकदा. मुद्दाम खाकरले की घसा दाटून आला होता, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. सख्खे भाऊ ते, घसा तोच.

मादी चालता चालता थांबली. मान वर केली, वळली, आणि न वाकता सरळ चालत घरट्याकडे परत आली. चोचीनं अंडं फिरवलं आणि पाय दुमडून बसली. कावळा फांदीवरच राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या हातातलं ढेकूळ खाली पडलंय आणि मी पदर डोक्यावर ओढून घेतलाय.

हे गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी चिखल ओढून धुऱ्याची ती फट बुजवू लागले. खांदे हलत होते. मी जवळ गेले नाही.

अंडं फुटलं. आमचा हलका धान थोडा लोळला, थोडा कुजला, बाकीचा पाणी उतरल्यावर कापला. पिल्लू आता आईबापांच्या पोटाखालून निघून त्यांच्यामागे तलावापर्यंत जातं आणि भारी धानात पूर्ण दिसेनासं होतं. उडायला त्याला अजून अवकाश आहे. बांधीवरून तार नाही, एवढं तरी आहे. हे रोज सकाळी काठी घेऊन जातात. ती काठी भासऱ्यांची. परतताना यांना सवय लागली आहे की काय कोण जाणे, पण फाटकाशी आले की खाकरतात. स्वतःच्या घरात शिरताना, स्वतःच्या बायकोसाठी! मी एकदा म्हटलं, "आता कायले?" तर काठी कोपऱ्याला लावली आणि पाय धुवायला गेले.

मी आत असते, चुलीशी किंवा ओट्याशी. ते दोनदा खाकरणं ऐकलं की माझा हात पदराकडे जातो, दुसरा ताटाकडे. घरात आता आम्ही दोघंच, तरी ताटं तीन काढून होतात. मग एक परत ठेवते.